कौशल्य, नशीब आणि दुरुस्ती

१८८७ सालच्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातले तेरावे कलम अगदी छोटे आहे. निव्वळ कौशल्याचा खेळ कुठेही खेळला गेला तरी हा कायदा त्याला लागू होणार नाही, एवढेच ते सांगते. या छोट्या कलमावर गेली सव्वाशेहून अधिक वर्षे वकिलांनी युक्तिवाद केले, न्यायालयांनी पानेच्या पाने लिहिली. शब्दकोडी, रमी, घोड्यांच्या शर्यती, व्हिडिओ गेम असे एकेक खेळ या कलमासमोर, किंवा इतर प्रांतांतल्या त्याच्या भावंडांसमोर, उभे राहिले. प्रत्येकाला प्रश्न एकच होता. जिंकणाऱ्याला त्याच्या हाताने जिंकवले की त्याच्या नशिबाने?

मुंबईतल्या खेळांच्या आणि जुगाराच्या इतिहासाची टिपणे मी बरीच वर्षे काढतो आहे. हे काम मी कुठल्याही विद्यापीठात शिकलेलो नाही. वडील गिरणीत वायरमन होते. त्यांच्याकडून वायरिंग शिकलो, वाचनाची सवय ग्रंथालयाने लावली. या दोन्हींचा उपयोग एकाच ठिकाणी होईल असे कधी वाटले नव्हते. काही वर्षांपूर्वी मी पिनबॉलचे एक जुने यंत्र विकत घेतले आणि वरळी कोळीवाड्यातल्या एका खोलीत आणून ठेवले, तेव्हा तो योग आला. यंत्र दुरुस्त करता करता त्या तेराव्या कलमाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. न्यायालये खेळाचा स्वभाव बहुतेक वेळा त्याच्या नियमांत शोधतात. यंत्राच्या खेळात तो नियमांइतकाच, कधी नियमांपेक्षा जास्त, दुरुस्तीत असतो. हे म्हणणे पुराव्यानिशी मांडावे म्हणून हा लेख.

खिळ्यांची फळी

पिनबॉलचा पूर्वज आपल्या ओळखीचा आहे. गिरगाव-दादरच्या अनेक घरांत उन्हाळ्याच्या सुटीत कॅरमच्या जोडीला एक लांबट लाकडी फळी माळ्यावरून खाली यायची. तिच्यावर अर्धवर्तुळात ठोकलेले खिळे, मधे आकडे लिहिलेले खळगे आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दट्ट्या. गोळी सोडायची आणि ती खिळ्यांवर आपटत कुठल्या खळग्यात पडते ते पाहायचे. तिला आपण बॅगाटेल म्हणत असू. शब्द फ्रेंच आहे. स्प्रिंगच्या दट्ट्याचे अमेरिकन पेटंट १८७१ मध्ये मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतले.

या घरगुती फळीला नाण्याची खाच लागली आणि तिचा धंदा झाला. १९३१ मध्ये, महामंदी ऐन भरात असताना, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' नावाचे टेबलावर ठेवायचे यंत्र साडेसतरा डॉलरला विकायला काढले. बेकार माणसाला एका पेनीत काही गोळ्या आणि काही मिनिटांची करमणूक मिळे. पुढच्याच वर्षी रेमंड मोलोनी यांनी 'बॅलीहू' आणले, आणि त्याच नावावरून पुढची बॅली कंपनी उभी राहिली. यंत्राला धक्के देऊन गोळी वळवणाऱ्यांना आवर घालण्यासाठी हॅरी विल्यम्स यांनी 'टिल्ट' बसवला. हा लोंबता लंबक असतो. यंत्र जास्त हलले की तो कड्याला टेकतो आणि खेळ बंद पडतो.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवली पाहिजे. या सुरुवातीच्या यंत्रांना फ्लिपर नव्हते. एकदा गोळी सोडली की खेळाडूच्या हातात दट्ट्याचा जोर आणि थोडासा धक्का यांपलीकडे काही उरत नसे. बऱ्याच ठिकाणी दुकानदार जास्त गुणांबद्दल रोख रक्कमही देत. म्हणून १९४२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी या यंत्रांवर बंदी घातली, पोलिसांनी ती घणांनी फोडली, आणि त्या तोडफोडीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. त्या काळच्या यंत्रांपुरते बोलायचे तर ला गार्डिया यांचे म्हणणे सपशेल चुकीचे नव्हते.

पाच वर्षांनी परिस्थिती बदलली. १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात हॅरी मॅब्स यांनी विजेवर चालणारे सहा फ्लिपर बसवले. गोळी खाली येताना बटण दाबून तिला परत वर फेकता येऊ लागले. खेळ तोच राहिला, पण खेळाडूला हात मिळाले. न्यूयॉर्कच्या कायद्याला मात्र हे कळायला आणखी एकोणतीस वर्षे लागली. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने शहराच्या नगरपरिषदेसमोर यंत्र खेळून दाखवले. पहिल्या यंत्राबद्दल शंका घेतली गेली म्हणून त्याला शेजारचे राखीव यंत्र खेळायला लावले. दट्ट्या ओढण्यापूर्वी त्याने सांगितले की गोळी मधल्या मार्गातून जाईल, आणि ती गेली. बंदी उठली. त्या फटक्यात नशिबाचाही वाटा होता, हे शार्पने पुढे स्वतःच हसत सांगितले आहे. मला मात्र त्या राखीव यंत्राचे कुतूहल वाटते. दट्ट्याची स्प्रिंग सैल असती किंवा यंत्र एका अंगाला कलते असते, तर अमेरिकेतल्या पिनबॉलचा कायदा कदाचित वेगळा झाला असता. त्या दिवशी साक्ष देणाऱ्यांत ते यंत्र नीट राखणारा कोणी अनामिक मेकॅनिकही होता, असे म्हटले पाहिजे.

वरळीचा आकडा

न्यूयॉर्कमध्ये यंत्रांवर बंदी होती त्याच काळात न्यूयॉर्कच्याच कापूस बाजाराचे भाव मुंबईत जुगारासाठी वापरले जात होते. तिथला उघडता आणि बंद होता भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येई आणि त्यांतल्या आकड्यांवर इथे पैसे लागत. १९६१ च्या सुमारास ते भाव यायचे थांबले. १९६२ मध्ये कच्छहून आलेल्या आणि वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांनी त्याला पर्याय काढला. हाच वरळीचा मटका. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी 'न्यू वरळी' मटका सुरू केला. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायच्या म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले आणि पत्ते आले, पण नाव राहिले.

पद्धत सोपी. तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. दोन, पाच आणि आठ निघाले तर बेरीज पंधरा, म्हणजे ओपन पाच. नंतर पुन्हा तीन पाने काढली की क्लोज. एका अंकावर लावलेल्या रुपयाला नऊ रुपये, हा रूढ भाव. अंक दहा आणि मिळणार नऊ, म्हणजे सरळ हिशेबाने प्रत्येक रुपयामागे दहा पैसे चालवणाऱ्याचे. गिरणगावात हा आकडा पाळीच्या भोंग्याइतकाच ठरल्या वेळी येई. वरळीच्या बीडीडी चाळींपासून लालबागपर्यंत आकडे लिहून घेणारे असत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हे गिऱ्हाईकच मोडले आणि मटक्याचा मोठा आधार गेला.

मटक्यात खेळणाऱ्याचा हात कुठेच नाही, आणि त्याचे आकर्षणही तेच. लावणारे स्वप्नांचे, गाडीच्या नंबरांचे, बारशाच्या तारखांचे अर्थ लावत. आपल्याला काही तरी 'कळते' ही भावना त्यांना हवी असे. कौशल्य नसले तरी कौशल्याचा भास माणसाला लागतो. पण पाने पिसणारा लावणाऱ्याच्या ओळखीचा असो किंवा नसो, आकडा त्याच्या हाताबाहेरचाच.

न्यायालयाने नेमका हाच भेद कायद्यात आणला. तोही मुंबईच्याच एका प्रकरणात, १९५७ मध्ये. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला हा खटला शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा होता. त्याच दिवशी दिलेल्या जोड निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगारी स्पर्धांच्या गटात येत नाही. पुढे १९६७ मध्ये रमीबद्दल, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबद्दल हाच मापदंड वापरला गेला. निव्वळ कौशल्य असा खेळ जगात नाही, बुद्धिबळातही पांढरे कोणाला मिळतात हे आधी ठरावे लागते. म्हणून 'प्रामुख्याने कौशल्य' ही सोय झाली. पण रमीची पाने जुनी झाली तर बदलता येतात. यंत्राचे तसे नाही. हे समजायला ते उघडावे लागते.

जुने यंत्र पाहताना

माझे यंत्र विल्यम्स कंपनीचे 'ग्रां प्री', १९७६ चे. शार्पने दट्ट्या ओढला त्याच वर्षीचे. चार जणांनी आळीपाळीने खेळायचे, मोटार शर्यतीच्या चित्रांचे, रिले आणि मोटरवर चालणाऱ्या शेवटच्या पिढीतले. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत सगळ्या कंपन्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांकडे वळल्या. कुर्ल्यातल्या एका भंगार गोदामात ते उभे करून ठेवलेले होते. विकणाऱ्याच्या मते ते 'चालू' होते, म्हणजे प्लग लावला की दिवे लागत होते.

असे जुने यंत्र घ्यायचे असेल तर दिव्यांवर जाऊ नये. पहिल्यांदा झाकण उघडून आतला वास घ्यावा. जळक्या वार्निशचा वास म्हणजे कुठली तरी कॉइल जळलेली. मग खेळाच्या फळीवर बोट फिरवावे. गोळीच्या नेहमीच्या वाटांवरचा रंग किती झिजला आहे ते कळते, आणि हा रंग पुन्हा आणता येत नाही. पाय, कोपरे, नाण्याचे दार यांचा गंज दिसायला वाईट असतो, पण तो बरा होतो. प्लायवुडची पेटी पाण्याने फुगलेली असेल तर ती बरी होत नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्र असेल तर बोर्डावरची रिचार्जेबल बॅटरी आधी पाहावी. ती फुटून तिच्यातला क्षार बोर्डाच्या तांब्याच्या रेषा खातो, आणि सत्तरच्या दशकाअखेरची कित्येक यंत्रे अशीच मेली आहेत. रिलेच्या यंत्रात हा आजार नाही. त्याच्या तारा, कॉन्टॅक्ट, कॅम डोळ्यांना दिसतात, म्हणून गिरणीतल्या वायरमनच्या मुलाला ते परवडते. आत सर्किटचा कागद आहे का, हेही पाहावे. माझ्या यंत्रात तो चौघडी घालून पेटीच्या तळाशी ठेवलेला होता. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, पण मधला भाग वाचला होता. यंत्रापेक्षा त्या कागदाने मला जास्त आनंद दिला.

सौदा बेचाळीस हजारांना झाला. अशा यंत्राचे वजन शंभर किलोच्या वर असते. वरचा आकड्यांचा पेटारा आणि खालची पेटी वेगवेगळी करून टेम्पोतून आणली. कोळीवाड्याच्या गल्ल्यांत टेम्पो शिरत नाही, तेव्हा शेवटचा टप्पा बर्फाच्या पेट्या वाहणाऱ्या चौघांच्या खांद्यांवरून झाला.

पुढचा प्रश्न विजेचा. अमेरिकेत घरची वीज ११५ व्होल्टच्या आसपास आणि ६० हर्ट्झची, आपल्याकडे २३० आणि ५०. व्होल्टचे काम स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर करतो. हर्ट्झचे काही करता येत नाही. यंत्रातली गुण मोजणारी मोटर इथे सुमारे सहाव्या हिश्शाने मंद फिरते. ५० गुण मिळाले की ही मोटर कॅमच्या साहाय्याने पाच वेळा ठोका देते आणि पाच वेळा घंटी वाजते. त्यामुळे मुंबईत या यंत्राची घंटी शिकागोपेक्षा थोडी संथ वाजते. हिशेब मात्र बरोबर येतो.

खारी हवा

वरळी कोळीवाडा हा वरळीच्या उत्तर टोकाचा भाग. एका बाजूला इंग्रजांच्या काळातला किल्ला, मधे गोल्फादेवी, समोर सागरी सेतूचे दोर. इथल्या हवेत लोखंड टिकत नाही. मासेमार घरात पक्कड सुद्धा तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. अशा जागी शेकडो कॉन्टॅक्टचे यंत्र ठेवणे हा शहाणपणा नव्हे, हे मला अनेकांनी सांगितले.

खाऱ्या दमट हवेचा पहिला मार गोळीवर येतो. ती पोलादी, २७ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ८० ग्रॅमची असते. तिच्यावर गंजाचा एक ठिपका आला तरी ती फळीवर पॉलिश पेपरसारखी फिरते. नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगच्या दुकानात याच मापाची गोळी मिळते, म्हणून ती वर्षातून दोनदा बदलतो. रबराच्या रिंगा कडक होऊन तडकतात. त्यांच्या जागी त्याच बाजारातल्या रबरी ओ-रिंग चालवून घेता येतात, उसळी थोडी कमी मिळते. दिवे ६.३ व्होल्टचे. जुन्या रेडिओच्या डायलमागे हेच दिवे असत, त्यामुळे लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानदारांना ते अजून ठाऊक आहेत. पावसाळ्यात पेटीच्या तळाशी कमी वॅटचा साधा पिवळा दिवा सतत लावून ठेवतो. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते.

खरी परीक्षा फ्लिपरच्या कॉइलची. फ्लिपरमध्ये एकावर एक दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, झटका देणारी. दुसरी बारीक तारेची, फ्लिपर वर धरून ठेवणारी. फ्लिपर पूर्ण वर गेला की शेवटी एक छोटा स्विच उघडतो आणि जाड गुंडाळीवरचा भार उतरतो. हा स्विच उघडलाच नाही तर कॉइल मिनिटाभरात जळते. त्याच्या टोकांवर काजळी धरली तर कॉइल जळत नाही, पण फ्लिपर दुबळा होतो. जळलेली कॉइल लगेच कळते. दुबळा फ्लिपर कळत नाही, तो फक्त खेळ बदलतो.

माझ्या यंत्राची उजवी कॉइल गुंडाळून घ्यावी लागली. विल्यम्सच्या कॉइलवर तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या छापलेली असते, म्हणून मोटर रिवाइंडिंगवाल्याला वेढे मोजावे लागले नाहीत. गेजची मात्र खबरदारी घ्यावी लागते. अमेरिकन २१ गेजची तार ०.७२ मिलिमीटर जाडीची असते. आपल्या बाजारात ब्रिटिश गेज चालतो आणि त्यात २१ गेज म्हणजे ०.८१ मिलिमीटर. अमेरिकन २१ ला जवळची आपली तार २२ गेजची. एवढा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर वेढे नळीत मावत नाहीत, किंवा कॉइल तापते.

कोळीवाड्यात होड्यांची डिझेल इंजिने बांधणारे एक मिस्त्री माझ्या शेजारी राहतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत त्यांना कामाची घाई असते, पण संध्याकाळी ते यंत्र पाहायला येत. इंजिनवाल्याच्या सवयीने त्यांचा हात आधी ग्रीसच्या डब्याकडे गेला. पिनबॉलच्या कॉइलमध्ये तेल किंवा ग्रीस घालायचे नसते. त्यात धूळ चिकटते आणि आतला लोखंडी दांडा अडकतो. नळी स्वच्छ पुसायची, झिजली असेल तर बदलायची आणि कोरडी ठेवायची. त्यांना ते पटायला वेळ लागला. कॉन्टॅक्ट साफ करण्यात मात्र ते माझ्यापेक्षा सरस निघाले. चांदीच्या टोकांना नुसता कागद घासायचा, फ्लिपरच्या टंगस्टन टोकांना बारीक कानस, हा फरक त्यांच्या बोटांना एकदा सांगितला तेवढा पुरला.

आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली. कोळीवाड्यातल्या घरांच्या फरशा सपाट नसतात. यंत्राच्या पायांना उंची कमी-जास्त करण्याचे स्क्रू असतात. मी पुढचा-मागचा उतार मोजला होता, तो या पिढीच्या यंत्रांना साडेतीन ते चार अंशांचा लागतो. मिस्त्रींनी पाणसळ आडवी ठेवली. बुडबुडा डावीकडे सरकला. होडी एका अंगाला कलली तर पाणी कुठे जाते ते कोळ्याला शिकवावे लागत नाही. यंत्र उजवीकडे झुकले होते आणि गोळी वारंवार उजव्या गटारात जात होती.

हात आणि यंत्र

आता मूळ मुद्दा. दुरुस्तीच्या आधी गल्लीतली मुले यंत्र खेळत होती. मी एका वहीत त्यांचे गुण लिहून ठेवत होतो. उजवा फ्लिपर दुबळा, कॉन्टॅक्ट काजळलेले, यंत्र कलते. त्या दिवसांत सर्वांत तरबेज मुलगा आणि पहिल्यांदाच आलेला पाहुणा यांच्या गुणांत फारसा फरक पडत नसे. कधी पाहुणाच जिंके. मुले म्हणायची, 'हा लकचा खेळ आहे.' फ्लिपर दुरुस्त झाला, यंत्र सपाट झाले, आणि काही आठवड्यांत वहीतली नावे रांगेत लागली. जे चांगले होते ते सातत्याने वर राहू लागले. नवख्याला रोज थोडे थोडे वर येता येऊ लागले. नियम तेच होते, गुणांचे कोष्टक तेच होते. मिस्त्री एकदा खेळून झाल्यावर हसून म्हणाले, 'दादा, आता कुठं हा हाताचा खेल झाला.'

याचा अर्थ असा की दुबळ्या फ्लिपरचे यंत्र १९४७ च्या आधीच्या काळात मागे जाते. कागदावर ते कौशल्याचे यंत्र असते, प्रत्यक्षात खिळ्यांची फळी. आणि ही घसरण कोणालाही दिसत नाही, कारण दिवे लागतात, घंटी वाजते, गुण वाढतात.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न एकदा वेगळ्या अंगाने आला होता. १९९५ च्या एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात व्हिडिओ गेम पार्लरना परवाना लागतो की नाही हा वाद होता. यंत्रात फेरफार करून खेळाडूच्या कौशल्याला वाव उरणार नाही अशी व्यवस्था करता येते, ही बाब न्यायालयाने महत्त्वाची मानली आणि परवान्याची अट मान्य केली. तिथे प्रश्न मुद्दाम केलेल्या फेरफाराचा होता. माझी वही सांगते की मुद्दाम काही करावेच लागत नाही. नुसते काही न करणे पुरते. यंत्र दुरुस्त न करणारा मालक एका पैशाचीही लबाडी न करता कौशल्याचा खेळ जुगारात बदलू शकतो.

जत्रेत हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पौष पौर्णिमेच्या सुमारास गोल्फादेवीची जत्रा भरते. जत्रा म्हटली की रिंग फेकण्याचे, बंदुकीने फुगे फोडण्याचे खेळ आलेच. रिंग वस्तूवर जेमतेम बसेल एवढीच असते, बंदुकीची नळी वाकडी असते. खेळणाऱ्याचा नेम कितीही चांगला असो, निकाल आधीच साधनात बसवलेला असतो. त्या खेळांत नेम हे कौशल्य आहे, हे कागदावर खरेच आहे.

म्हणून जत्रेच्या आधी गल्लीतल्या काही जणांनी सुचवले की यंत्र बाहेर काढा, नाण्याची खाच उघडा, पाच रुपयांत खेळ द्या, जास्त गुणांना बक्षीस ठेवा. खर्चाचे पैसे निघतील. खर्च खरोखरच होता. मी दोन कारणांनी नाही म्हणालो. एक कायद्याचे. पैसे घेऊन सार्वजनिक करमणूक चालवायची तर पोलिसांचा परवाना लागतो, आणि बक्षीस ठेवले की तेरावे कलम दारात उभे राहते. दुसरे कारण माझ्या वहीतले. दिवसभर चारशे-पाचशे खेळ झाले तर संध्याकाळपर्यंत फ्लिपरच्या टोकांवर काजळी धरते. सकाळी खेळणाऱ्याचे पाच रुपये कौशल्यावर लागलेले असतील आणि रात्री खेळणाऱ्याचे नशिबावर. दोघांना एकाच खेळाची किंमत सांगणे मला शक्य नव्हते. खाच आजही बंद आहे. यंत्राच्या आतला एक छोटा स्विच वाकवला की नाणे न टाकता खेळ सुरू होतो, तो तसा ठेवला आहे. नाराजी झाली, काही दिवस चहाला कोणी बोलावले नाही. ती ओसरली.

जाता जाता

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांबाबतचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. १९५७ पासून जपलेली रेघ त्याने निदान त्या क्षेत्रात पुसून टाकली. त्यावर पुष्कळ वाद झाले, पुढेही होतील. मला त्यात एक गोष्ट दिसते. फोनमधल्या खेळाचे झाकण उघडता येत नाही. त्यातला फ्लिपर दुबळा आहे की नाही, पाणसळ कुठे ठेवायची, हे खेळणाऱ्याला कळायला मार्गच नाही. वरळीच्या मटक्यात निदान मडके समोर होते, पाने काढणारे हात समोर होते. लोकांचा विश्वास त्या दिसण्यावर उभा होता, जरी हिशेब त्यांच्या विरुद्ध असला तरी.

खेळ कौशल्याचा आहे का, हे ठरवताना आपण नेहमी खेळाडूकडे पाहतो. त्याच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत असे माझे मत झाले आहे. हे साधन कोण राखते? ते उघडून पाहता येते का? आणि बिघडल्यावर ते दुरुस्त करण्यात कोणाला रस आहे? मालकाचा फायदा बिघाडात असेल तर नियम कितीही चांगले असोत, तो खेळ हळूहळू मटका होतो.

दुसरीकडे, यंत्र राखणारी माणसे कमी होत चालली आहेत. ६.३ व्होल्टचे दिवे ठेवणारी दुकाने दरवर्षी थोडी कमी होतात. हाताने कॉइल गुंडाळणाऱ्या माझ्या ओळखीच्या कारागिराची मुले मोबाइल दुरुस्तीत गेली, तिथे बोर्ड दुरुस्त करत नाहीत, बदलतात. कोळीवाड्यात मात्र बंदीच्या दोन महिन्यांत अजून होड्या शाकारल्या जातात, जाळ्यांचा एकेक डोळा विणला जातो, इंजिने उघडून ठेवली जातात. दर्यात मासा मिळणे न मिळणे हे नशिबाचे, असे इथले सगळेच म्हणतात. पण किनाऱ्यावरचे हे दोन महिने कोणी नशिबावर सोडत नाही.